मगनवाडीचे सोबती

ऑक्टोबर 1934 मध्ये मुंबईला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. त्या अधिवेशनात ग्रामोद्योगांसाठी स्वतंत्र संस्था काढायचा ठराव झाला आणि डिसेंबरात वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. संघाच्या सल्लागारांत रवींद्रनाथ ठाकूर होते, जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र रॉय आणि चंद्रशेखर रामन होते, कुन्नूरला आहारावर संशोधन करणारे रॉबर्ट मॅकॅरिसन होते. दोन नोबेलवाले धरून एवढी बडी मंडळी ज्या विषयांवर सल्ला द्यायला राजी झाली, ते विषय म्हणजे हातसडीचा तांदूळ, जात्यावरचं पीठ, घाण्याचं तेल, गूळ, हातकागद, मधमाश्या, मेलेल्या ढोरांचं कातडं आणि सोनखत.

निसर्गाला ओरबाडून किती दिवस चालणार, हा प्रश्न जगाच्या ऐरणीवर 1972 साली आला, असं मानायची रीत आहे. त्या साली स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची परिषद झाली आणि वाढीच्या मर्यादांवरचा क्लब ऑफ रोमचा अहवालही निघाला. वर्ध्यात तोच प्रश्न त्याआधी अडतीस वर्षं काही माणसं रोज उठून सोडवायला बसत होती. ती परिषदेला जमलेली नव्हती. एका आवारात राहणारी, एका पंगतीत जेवणारी, एकमेकांशी भांडणारी सोबती मंडळी होती. वर्ध्याचे उद्योगपती जमनालाल बजाज यांनी त्यांना संत्र्याच्या बागेसह आपली जागा देऊन टाकली. गांधीजींचे पुतणे आणि साबरमतीच्या आश्रमाचा कणा असलेले मगनलाल गांधी 1928 साली गेले होते. त्यांच्या नावावरून बागेला मगनवाडी म्हणू लागले.

संघाचे अध्यक्ष श्रीकृष्णदास जाजू. मंत्री जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा. या दुसऱ्या गृहस्थाकडे जरा थांबून पाहायला हवं, कारण वर्ध्यातल्या पुतळ्यांचा हिशेब मांडला तर त्यात त्यांची बाजू फार पडती दिसते.

कुमारप्पा तंजावरचे, जन्म 1892 चा, घर ख्रिस्ती. लंडनला हिशेबतपासनीस झाले, मुंबईत पेढी काढली, सुटाबुटात वावरले. पुढे अमेरिकेत सिरॅक्यूजला व्यवसायशास्त्र आणि कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्त शिकले. हिंदुस्थान दरिद्री का, याचं उत्तर सरकारच्या जमाखर्चात शोधणारा त्यांचा प्रबंध. तो छापावा म्हणून मे 1929 मध्ये ते साबरमतीला गांधीजींना भेटले आणि गांधीजींनी त्यांना गुजरातेतल्या मातर तालुक्याची आर्थिक पाहणी करायला खेड्यांत धाडलं. तिथून हा माणूस पुन्हा पेढीवर गेलाच नाही.

हिशेबाला मात्र तो शेवटपर्यंत पक्का राहिला. 1934 च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचा जमाखर्च कुमारप्पांकडे होता. कार्यकर्त्याचा रोजचा खर्च त्यांनी आण्यांत बांधून दिला होता. गांधीजी आपल्या मंडळींसह दौऱ्यावर आले तेव्हा कुमारप्पांनी गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांना सांगून टाकलं की हा पैसा भूकंपग्रस्तांचा आहे, बापूंच्या लवाजम्याचा खर्च त्यातून निघायचा नाही. गांधीजींनी ते मान्य केलं. अशा माणसाला गांधीजींनी ग्रामोद्योग संघ सोपवला, यात मला त्यांची माणसं हेरायची नजर दिसते. खेड्याबद्दल गहिवरून बोलणारे देशात कमी नव्हते. खेड्याची वही तपासणारा माणूस दुर्मीळ होता.

वही तपासायची म्हणजे काय, हे तेलाच्या घाण्यावरून नीट कळतं. वर्धा हा कापसाचा तसाच जवस-तिळाचा मुलूख. गावोगाव तेल्याचा घाणा असे. लाकडाचं किंवा दगडाचं उखळ, त्यात तिरपी फिरणारी लाट, लाटेला जोडलेली आडवी फळी, फळीवर वजन आणि पुढे गोल फिरणारा बैल. गिरण्या आल्या तसा हा घाणा मागे पडला. गावातलं तेलबी गाडीत भरून शहराला जाऊ लागलं आणि तेल डब्यातून परत येऊ लागलं. कुमारप्पांचं म्हणणं असं की या सौद्यात तेलापेक्षा मोठी वस्तू गावाबाहेर जाते आणि तिची नोंद कुणी करत नाही. ती वस्तू म्हणजे ढेप, तेल काढल्यावर उरणारा चोथा. ढेप गेली की गाय-बैलाचं खाणं गेलं, ढोर खंगलं की शेण घटलं, शेण घटलं की माती रोडावली. परदेशी जाणारं तेलबी तर मातीचा कस जहाजात भरून नेत होतं. बाजारभावात यातली एकही गोष्ट दिसत नाही.

निदान झालं तरी तेल्याच्या हाती काही पडत नव्हतं. म्हणून झवेरभाई पटेल या सोबत्यानं घाण्याचंच काम अंगावर घेतलं. ठिकठिकाणचे घाणे पाहिले, कुठल्या घाण्यात किती बी मावतं, किती वेळात किती तेल सुटतं, ढेपेत किती तेल उरतं, बैल किती दमतो हे तपासलं. त्यातून मगनवाडीत जो सुधारलेला घाणा तयार झाला, तो देशभर 'वर्धा घाणी' म्हणून ओळखला गेला. जुन्या घाण्यापेक्षा एका वेळी बी जास्त घेणारा, एका बैलावर चालणारा आणि गावच्या सुताराला दुरुस्त करता येईल असा. तेलाच्या इतिहासावर लिहिणाऱ्या के. टी. अचयांसारख्या शास्त्रज्ञानंही त्याची दखल घेतली आहे. आज पुण्या-मुंबईच्या दुकानांत लाकडी घाण्याचं तेल काचेच्या बाटलीत दामदुपटीनं विकलं जातं. विकणाऱ्याला झवेरभाईंचं नाव ठाऊक असेल याची मला शंका आहे.

दिव्याचंही तसंच. खेड्यात कंदील जळे तो रॉकेलवर. रॉकेल परदेशातून येणार, त्याचा पैसा बाहेर जाणार आणि जमिनीखालचा साठा एकदा संपला की संपला. मगनवाडीत कंदिलाची रचना बदलून तो गावच्या तेलावर चालेल असा केला आणि त्याला मगनदीप नाव दिलं. धूर कमी करणाऱ्या मगन चुलीवरही तिथे काम झालं. चुलीच्या धुरानं बाईच्या डोळ्यांचं आणि छातीचं काय होतं, हा विचार त्या काळी अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडत नसे.

यांतलं सगळं टिकलं नाही, टिकायचंही नव्हतं. खेड्यात वीज आल्यावर मगनदीप मागे पडला आणि त्यासाठी अश्रू ढाळायचं कारण नाही. मोटारीवर चालणाऱ्या घाण्यापुढे बैलघाणा हरला. कुमारप्पा हट्टी होते आणि यंत्राविषयीचा त्यांचा संशय कधी कधी टोकाला जाई. तरी त्यांची विचारायची पद्धत आजही धारदार आहे. वस्तू कुठून आली, बनवताना काय संपलं, वापरून झाल्यावर कुठे जाणार आणि या सगळ्यात कुणाच्या हाताचं काम गेलं, हे चार प्रश्न ते प्रत्येक वस्तूला विचारत.

ऊर्जेबद्दल त्यांनी केलेली विभागणी तर शाळेत शिकवावी अशी. कोळसा, खनिज तेल, धातू हा निसर्गानं साठवून ठेवलेला ठेवा, काढला की कमी होणारा. लाकूड, पाणी, जनावराची आणि माणसाची ताकद हा वाहता पुरवठा, जपून घेतला तर दरसाल मिळणारा. ठेव्यावर उभं राहिलेलं अर्थकारण आज ना उद्या दुसऱ्याच्या ठेव्यावर डोळा ठेवणार आणि त्यातून युद्धं होणार, हा त्यांचा निष्कर्ष. दुसरं महायुद्ध चालू असताना, तेलाच्या विहिरींसाठी सैन्यं धावत असताना ते हे मांडत होते.

उसाऐवजी ताडगुळाचा त्यांचा आग्रहही याच हिशेबातला. ऊस चांगली काळी जमीन आणि भरपूर पाणी मागतो. ताड आणि शिंदी पडीक रानात, बांधावर, नाल्याकाठी आपसूक वाढतात. मग गोडासाठी धान्याची जमीन का अडवायची? गजानन नाईक यांनी ताडगुळाच्या कामात आयुष्य घातलं. मराठवाड्यात उसाच्या शेजारी पाण्याचे टँकर उभे राहतात, तेव्हा हा जुना युक्तिवाद आठवल्यावाचून राहत नाही.

1943 नंतरच्या तुरुंगवासात, जबलपूरला, कुमारप्पांनी आपला विचार सलग लिहून काढला. 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' हे ते पुस्तक, 1945 चं, गांधीजींच्या प्रस्तावनेसह. गांधीजी थट्टेनं त्यांना डी. व्ही. आय., म्हणजे ग्रामोद्योगाचे डॉक्टर, अशी पदवी लावत. पुस्तकात परजीवी, लुटारू, उद्यमी, समूहाची आणि सेवेची अशा अर्थव्यवस्थेच्या पाच पायऱ्या त्यांनी निसर्गातून उचलल्या. त्यात एक लाख वस्तीला कुठलं पीक किती जमिनीवर घ्यावं याचं कोष्टकही आहे. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात कोष्टक घालणारा लेखक मला आवडतो. याच पुस्तकाचा आधार अर्थतज्ज्ञ शूमाखरनं बौद्ध अर्थशास्त्रावरच्या निबंधात घेतला आणि तो निबंध 1973 च्या 'स्मॉल इज ब्यूटिफुल'मधून जगभर गेला. आपल्याकडे अनेकांना कुमारप्पा शूमाखरमार्गे भेटले, वर्ध्याहून थेट भेटले नाहीत.

या सगळ्याला सांधणारी वस्तू होती 'ग्रामोद्योग पत्रिका'. मगनवाडीतून निघणारं हे छोटं मासिक. कुठे कसला प्रयोग चालू आहे, त्याला काय खर्च आला, सरकारी धोरणात काय चुकतंय, असा त्याचा मजकूर. युद्धकाळात सरकार नोटा छापून खेड्यांतला माल उचलतंय, अशी कडक टीका कुमारप्पांनी केली आणि सरकारचा रोष ओढवून घेतला. देशातला खेड्यात काम करणारा कार्यकर्ता एकटा पडत असे. आजूबाजूला त्याला खुळा ठरवणारे पुष्कळ, समजून घेणारा एखादा. त्याला या मासिकातून आपल्यासारखे आणखी लोक आहेत हे कळे. सल्लागार मंडळातल्या थोरांपेक्षा हे मासिक मला महत्त्वाचं वाटतं. थोरांनी उंटावरून शेळ्या हाकल्या असं म्हणणं अन्यायाचं होईल, पण शेळ्यांमागे धावणारे वेगळेच होते.

गांधीजी स्वतः 1935 मध्ये मगनवाडीत राहिले. जेवणात सोयाबीनचा प्रयोग तिथलाच. विदर्भात पुढे सोयाबीनचं राज्य येणार होतं, ते खाण्यासाठी नव्हे, गिरणीसाठी, ही गंमत वेगळी. जवळच्या सिंदी वस्तीत सफाईसाठी गांधीजींच्या शिष्या मीराबेन आणि महादेवभाईंसारखी माणसं रोज जात. एप्रिल 1936 अखेर गांधीजी शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला गेले, तरी मगनवाडी चालूच राहिली. मगन संग्रहालयाचं उद्घाटन गांधीजींनीच 30 डिसेंबर 1938 रोजी केलं. पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रिडमन, म्हणजे भारतानंद, सुतासाठी धनुष तकली घडवत होते ते याच वर्तुळात. कुमारप्पांचे धाकटे भाऊ भारतनही संघाच्या कामात होते. कोण तमिळ ख्रिस्ती, कोण मारवाडी, कोण गुजराती पाटीदार, कोण पोलिश ज्यू. वर्ध्याच्या लहानशा गावात हे गोत जमलं होतं.

स्वातंत्र्यानंतर काय झालं? जे बहुतेक चळवळींचं होतं तेच झालं. सरकारनं काम आपलं म्हटलं. 1953 साली खादी-ग्रामोद्योग मंडळ आलं, मग कायद्यानं आयोग आला. ग्रामोद्योग संघ सर्व सेवा संघात विलीन झाला. मगनवाडीत 1955 मध्ये जमनालाल बजाज यांच्या नावाची केंद्रीय संशोधन संस्था निघाली. तिचंच रूपांतर 2008 साली महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेत झालं. प्रयोगशाळा आल्या, पदं आली, अनुदानं आली. प्रयोगाचा अहवाल आता वर जाऊ लागला, शेजारच्या गावाकडे जायचा थांबला. कुमारप्पांचं नव्या सरकारशी पटलं नाही. रासायनिक खतं आणि ट्रॅक्टर यांवर ते उघड टीका करत. मगनवाडी सोडून ते सेलू तालुक्यातल्या सेलडोहला गेले. तिथे पण्णै आश्रम काढून शेतीचा प्रयोग मांडला, पण प्रकृतीनं साथ दिली नाही. मग ते तमिळनाडूत कल्लुपट्टीला गेले आणि 30 जानेवारी 1960 रोजी, गांधीजींच्याच पुण्यतिथीला, गेले.

धागा तुटला मात्र नाही. मगनवाडीत घडलेले देवेंद्रकुमार यांनी 1976 साली ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केलं. नागपूर रस्त्यावर दत्तपूरला त्याचं आवार आहे. तिथलं छप्पर पाहण्यासारखं. वर्ध्याचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या वर जातो, टिनाच्या खोलीत दुपारी बसवत नाही, आणि सागाचं लाकूड गरिबाच्या आवाक्याबाहेर. केंद्रानं कुंभाराच्या चाकावरच एक निमुळतं कौल घडवून घेतलं, एका तोंडानं रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद. एकाचं टोक दुसऱ्याच्या तोंडात बसवत गेलं की कमान तयार होते आणि कमानीला कमान लावत गेलं की सगळी खोली झाकली जाते. वरून गिलावा. ना तुळई, ना सळई. कौल पोकळ, त्यामुळे ऊन खाली झिरपत नाही. शिवाय खोलीभर कौलांची मजुरी गावच्या कुंभाराच्या घरात जाते. कुमारप्पांचे चारही प्रश्न या छपराला विचारले तर ते पास होतं. तरीही जिल्ह्यात फिरताना नजरेला टिन आणि सिमेंटचे स्लॅबच भरतात. घरकुलाच्या अनुदानाचा नमुना ठरलेला असतो आणि मातीच्या घराला अजून गरिबीची खूण समजतात. चांगली कल्पना सापडणं अर्धं काम, ती पोरीला स्थळ पाहताना सांगता यावी हे उरलेलं अर्धं.

जानेवारी 1978 मध्ये विचारवंत इव्हान इलिच सेवाग्रामला आले होते. गांधीजी राहत त्या बापूकुटीत बसून त्यांनी त्या कुटीकडून काय शिकता येतं यावर भाषण केलं, ते जगभर वाचलं गेलं. विद्वानांना वर्धा सापडतं. जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचं काय? 2002 नंतर बीटी कापूस आला, बियाणं दरसाल विकत घ्यायची वस्तू झालं. डिसेंबर 2005 मध्ये याच जिल्ह्यातल्या डोरली गावानं, कर्जाला कंटाळून, गाव विकणे आहे असं जाहीर केलं. पुढच्या वर्षी पंतप्रधान मनमोहन सिंग जिल्ह्यातल्याच वायफडला येऊन गेले आणि सहा जिल्ह्यांच्या मदत पॅकेजमध्ये वर्धा आलं. ज्या गावातून खेड्याच्या स्वावलंबनाचा विचार देशभर गेला, त्याच्या पंचक्रोशीत ही गत. याला मी कुमारप्पांचा पराभव म्हणणार नाही. त्यांचं ऐकलं गेलं नाही, एवढंच.

पण ऐकणारे अगदीच नव्हते असंही नाही. वर्ध्याजवळच्या गोपुरीत अशोक बंग आणि निरंजना मारू यांच्या चेतना-विकासनं छोट्या शेतकऱ्याला झेपेल अशी शेती वर्षानुवर्षं करून पाहिली. डॉ. तारक काटे यांच्या धरामित्रनं कापूस उत्पादकांबरोबर सेंद्रिय शेतीचं काम उभं केलं. मगन संग्रहालय समितीनं विभा गुप्तांच्या पुढाकारानं सेंद्रिय कापसाची, नैसर्गिक रंगांची मगन खादी बाजारात आणली. आर्वी तालुक्यातलं काकडदरा हे आदिवासी गाव 2017 साली पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिलं आलं.

आणि शहरात नवे सोबती आहेत. बहार नेचर फाउंडेशनच्या पक्षीमित्रांनी नगरपरिषदेला बरोबर घेऊन 2018 मध्ये शहरपक्ष्याची चक्क निवडणूक घेतली. शाळकरी पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत लोकांनी मतं टाकली आणि नीलपंख निवडून आला. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तोच हा पक्षी. शेतातल्या किड्यांवर जगणारा, म्हणून फवारणीचा मार आधी खाणारा. हनुमान टेकडी वैद्यकीय जनजागृती मंचाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या मित्रांनी झाडं लावून हिरवी केली. आयटीआय टेकडीवर निसर्ग सेवा समितीनं तेच केलं. दवाखाना, नोकरी, दुकान सांभाळून सकाळी कुदळ घेऊन टेकडी चढायची, उन्हाळ्यात रोपांना पाणी घालायचं. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या, पण या भाकऱ्यांची सावली पडते.

2020 साली वर्धा-सेवाग्राम रस्त्यावरची जुनी झाडं विकास आराखड्यातल्या रुंदीकरणासाठी तोडायला सुरुवात झाली तेव्हा ही सगळी वेगवेगळी मंडळी एकत्र आली. पक्षीमित्र, डॉक्टर, सर्वोदयी, विद्यार्थी. काही झाडं तोवर पडली होती. लोक रस्त्यावर उतरले, समिती झाली, तोड थांबली. गांधीजींच्या नावाच्या विकास आराखड्यात गांधीजींच्या रस्त्यावरची झाडं जावीत, यातला विनोद कुणाला सांगावा लागला नाही.

माझं या नव्या सोबत्यांपाशी एकच गाऱ्हाणं आहे. त्यांच्यापाशी अनुभव आहे, पण त्याचा ताळेबंद नाही. मुरमाड टेकडीवर कुठली रोपं जगली, कुठली मेली, पाण्याचा खर्च किती आला, कापसात कुठला मिश्रपिकाचा मेळ फसला, हे ज्याच्या त्याच्या डोक्यात राहतं. वृक्षारोपणाच्या दिवशी फोटो निघतो, तिसऱ्या उन्हाळ्याची नोंद कुणी ठेवत नाही. कुमारप्पांनी आधी ती नोंद मागितली असती. वर्ध्यात माणसं आहेत, जागा आहे, नव्वद वर्षांची पुण्याई आहे. महिन्यातून एकदा मगनवाडीत जमून आपापल्या वह्या एकमेकांसमोर उघडायला फार पैसे लागणार नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत सेवाग्रामला गर्दी असते. बापूकुटी पाहून झाली की आठ किलोमीटर मागे शहरात या आणि मगन संग्रहालयात शिरा. आपल्या गावात, शेतात, गच्चीवर काही करून पाहिलं असेल तर त्याचा खर्चासकट कागद बरोबर आणा. प्रयोग फसला असेल तर तो कागद आधी आणा. 'ग्रामोद्योग पत्रिका' आता निघत नाही. ती पुन्हा काढायची तर मजकूर लागेल.